परसबागेतील कोणते काम सोडावे, कोणते सोडू नये

वाचकांचे प्रश्न

वळवाच्या सरी पडू लागल्या की परसबागेविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर सारखाच आहे: जागा थोडी, वेळ त्याहून थोडा, तरी ताटात घरची भाजी आणि देवाला घरचे फूल हवे. त्यांतील पाच पत्रे संक्षेपाने येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. घरामागे दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब परडे आहे. गेल्या वर्षी दर आठवड्याला खुरपणी, पंधरा दिवसांनी खत, मग फवारणी असे वेळापत्रकच तयार केले होते. जुलैच्या पावसात तण इतके माजले की आम्ही हात टेकले. आठवड्याला एक-दोन तास देऊन बाग करता येते का? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : करता येते. गेल्या वर्षी आपण कष्टात कमी पडला नाहीत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कष्ट उघड्या मातीने निर्माण केले होते, असे मला वाटते. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. आपल्या भागातील तांबडी माती अशा पावसात उघडी राहिली तर तिच्यातील अन्नद्रव्ये धुऊन खाली जातात, वरचा थर थापला जातो, मातीचे शिंतोडे पानांवर उडून बुरशीला वाट मिळते आणि जी जागा रिकामी दिसेल ती तण व्यापते. मग आपण तण उपटतो, म्हणजे माती पुन्हा उघडी करतो, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच काम समोर उभे राहते.

त्यामुळे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे जमीन झाकण्याचे. भाताचे पिंजर किंवा रस्त्याकडेच्या झाडांचा वाळका पाला चार बोटे जाडीने पसरावा, मात्र झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंधा कुजतो. हे आच्छादन पावसाळ्यात कुजून मातीत मिसळते. दसऱ्यानंतर पुन्हा एक थर द्यावा लागतो. एक चूक मी स्वतः केली आहे, ती आपण करू नये. हिंडलग्याच्या माझ्या बागेत मी एका वर्षी भरपूर लाकडाचा भुसा मातीत खणून मिसळला आणि महिनाभरात सगळी रोपे पिवळी पडली. कच्चा भुसा कुजवणारे जीवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात, म्हणून रोपांची उपासमार होते. तोच भुसा मातीच्या वर पसरला असता तर हे घडले नसते. हरळी आणि लव्हाळा यांच्यापुढे मात्र आच्छादन फारसे चालत नाही. लव्हाळ्याचे कोंब जाड पुठ्ठासुद्धा भेदून वर येतात, म्हणून त्यांच्या गाठी पावसापूर्वी एकदा खणून वेचाव्याच लागतात. हे काम टाळण्याचा कोणताही सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट पिकांच्या निवडीची. फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची यांना रोज लक्ष हवे असते. ही पिके कडोलीच्या बाजूचे शेतकरी पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने काढतात. ती त्यांच्याकडूनच विकत घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दीडशे चौरस फुटांत आपण वाट पाहणारी पिके लावावीत, म्हणजे एखादा आठवडा हात लागला नाही तरी रुसत नाहीत अशी. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर वडीचे अळू, कुंपणाला मायाळू, एका कोपऱ्यात कढीपत्ता, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी न साचणाऱ्या जागी शेवगा. शेवगा मात्र दरवर्षी शेंगा संपल्यावर छातीएवढ्या उंचीवर छाटावा, नाहीतर तो शेजाऱ्यांच्या कौलांवर जातो. बेळगावच्या पश्चिम भागात रताळ्यांचे पीक मोठे आहे, आणि ते छोट्या परड्यालाही फार सोयीचे असते. पावसात वेलाचे तुकडे उंच वरंब्यावर खोचले की वेल स्वतःच जमीन झाकतो, तणाला वाव देत नाही आणि साधारण चार महिन्यांनी रताळी काढता येतात. ती आठवडाभर उशिरा काढली तरी बिघडत नाही. भेंडीचे तसे नाही. भेंडी एक-दोन दिवसांआड तोडली नाही तर शेंगा निबर होतात, झाड बी पिकवण्याच्या मागे लागते आणि नवी फळे कमी धरते. तोडणीला वेळ नसेल तर भेंडी लावूच नये.

पेरणीचे कामही बरेच कमी करता येते. तांबड्या भाजीची दोन-तीन जोमदार रोपे न तोडता तशीच वाढू द्यावीत. त्यांचे तुरे वाळले की त्यांतून हजारो बारीक बिया तेथेच सांडतात आणि पुढच्या वळवाच्या पावसानंतर आपोआप उगवतात. त्यासाठी त्या जागेवर आच्छादन विरळ ठेवावे लागते, कारण इतके बारीक बी जाड थरातून वर येऊ शकत नाही. दाट उगवलेल्यांतील रोपे उपटून भाजी करावी, म्हणजे विरळणी आणि तोडणी एकाच हाताने होते.

चांगले कुजलेले शेणखत पावसाच्या तोंडावर दोन पाट्या आणि दसऱ्यानंतर दोन पाट्या एवढे पुरे. तारखा पाहून फवारणी करणे तर पूर्णपणे बंद करावे. चवळीच्या शेंड्यावर मावा दिसला की आठ-दहा दिवस थांबून पाहावे. बहुतेक वेळा लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या तेथे पोचतात. या अळ्या काळपट, लांबट आणि नारिंगी ठिपक्यांच्या असतात. त्या किडीसारख्या दिसतात म्हणून अनेकजण त्यांनाच चिरडतात. आपल्यासाठी राबणाऱ्या मदतनिसांना आपणच मारतो, याचे मला फार वाईट वाटते. मावा तरीही वाढत राहिला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा, आणि त्यानेही भागले नाही तरच संध्याकाळी निंबोळी तेल वापरावे.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून नगरशेतीचा विचार घरोघरी नेला. घरातला आणि अंगणातला पालापाचोळा हेच बागेचे भांडवल आहे, ही त्या विचारातली गोष्ट मी सर्वांत मौल्यवान मानतो. आपल्या आठवड्याच्या दोन तासांपैकी एक तास पाला गोळा करून पसरण्यात गेला तर तो वाया गेला असे समजू नये.

प्रश्न : टोमॅटोची भरात आलेली हिरवीगार झाडे दोन-तीन दिवसांत अचानक माना टाकतात. पाणी दिले तरी उठत नाहीत. जागा तीच, दरवर्षी हेच. (एक वाचक, कंग्राळी)

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे जिवाणूजन्य मर रोगाची वाटतात. खात्री घरीच करता येते. मेलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापून त्याचा वीतभर तुकडा स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात टोक बुडेल असा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली तर तो हाच रोग समजावा. खालची पाने आधी पिवळी पडून झाड हळूहळू वाळत गेले तर ती बहुधा बुरशीची मर असते आणि त्यात अशी धार दिसत नाही.

या जिवाणूवर फवारणीचा उपयोग होत नाही. तो जमिनीत वर्षानुवर्षे राहतो, मुळांच्या जखमांतून आत शिरतो आणि वाहत्या पाण्याबरोबर किंवा खुरप्याबरोबर शेजारच्या वाफ्यात जातो. उष्ण आणि ओल्या मातीत त्याचा जोर अधिक असतो. त्यामुळे त्या जागी किमान तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा यांपैकी काहीही लावू नये, कारण ही सारी एकाच कुळातील आहेत. तेथे मका, वाल, पालेभाज्या घ्याव्यात. टोमॅटो हवाच असेल तर दुसरीकडची माती भरलेल्या मोठ्या कुंडीत, नवरात्रानंतर गारवा सुरू झाल्यावर लावावा. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो, मात्र संकरित असल्यामुळे त्याचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच निघत नाही. मेलेली झाडे मुळांसकट उपटून जाळावीत. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

निपाणी भागातील वाचकांसाठी याच संदर्भात आणखी एक सूचना आहे. तंबाखूही याच कुळातील आहे, आणि तिच्या पानांतील मोझेक विषाणू हातांना चिकटून टोमॅटो व मिरचीपर्यंत पोचतो. वखारीतून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये.

प्रश्न : घरात माग चालतो, दिवसभर सवड नसते. गच्चीवर बारा लहान कुंड्या आहेत. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही आणि एक दिवस चुकला तरी झाडे सुकतात. (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : बारा लहान कुंड्यांऐवजी वीस-पंचवीस लिटरची तीन-चार भांडी ठेवावीत आणि ती भिंतीच्या सावलीत एकमेकांना चिकटून मांडावीत. भांडे जितके मोठे तितकी ओल अधिक टिकते. त्यातील मोठ्या भांड्यात मधोमध खानापूरचे बिनझिलईचे लहान मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. भोवतीची माती सुकत जाईल तसे पाणी मडक्यातून झिरपत राहते, आणि हवामानानुसार दोन ते चार दिवस पाणी घालण्याची चिंता राहत नाही. मडक्याला खाली छिद्र असेल तर ते सिमेंटने बुजवावे. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी झाडांना चालते. साबणाचे आणि मिठाचे चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर भाजी घेण्याचा आग्रह सोडावा आणि सदाफुलीवर समाधान मानावे, असे मी सुचवीन.

प्रश्न : दुधी भोपळ्याला फुले भरपूर येतात, पण बोटाएवढी फळे पिवळी पडून गळतात. उकिरड्यावर आपोआप उगवलेला एक वेल मात्र लगडला आहे. त्याची फळे खावीत का? शिवाय वानरांचा त्रास फार आहे. (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : गळणाऱ्या फळांना खत कमी पडले असे सगळे समजतात, परंतु बहुधा त्यांच्यात परागीकरण झालेले नसते. दुधीची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ असते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्याला रात्रीचे पतंग लागतात. खानापूरच्या संततधार पावसात ते फिरकत नाहीत. दिवेलागणीला नर फूल तोडून, पाकळ्या दुमडून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावेत. एवढे पुरे होते. लाल भोपळ्याची आणि काकडीची फुले सकाळी उमलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हे काम सकाळीच करावे.

आपोआप उगवलेल्या वेलाविषयी मात्र मी ठामपणे सावध करतो. परसबागेत जे आपोआप उगवते त्याचे स्वागत करावे हे खरे. दुधी, दोडका, काकडी यांच्या बाबतीत तेवढा मोकळेपणा ठेवू नये. अशा वेलांच्या फळांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. ती शिजवूनही जात नाहीत आणि त्यांमुळे तीव्र उलट्या, जुलाब, रक्तस्राव होऊ शकतो. २०११ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये असा इशारा दिला होता. प्रत्येक फळाची कच्ची चकती जिभेला लावून पाहावी. जराही कडवट लागली तर थुंकून टाकावी, चूळ भरावी आणि फळ फेकून द्यावे.

वानरांपासून राखण करत बसण्यापेक्षा त्यांना न आवडणाऱ्या पिकांकडे वळणे बरे: हळद, आले, सुरण, मिरची, कारले. रताळी लावू नयेत. ती वानरे उपटून खातात.

प्रश्न : मला झेंडू, तेरडा, कॉसमॉस आपोआप उगवू द्यायला आवडते. सासूबाईंचे म्हणणे असे की वाळकी झाडे दारात शोभत नाहीत, ती लगेच उपटावीत. काय करावे? (एक शिक्षिका, येळ्ळूर)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे मला अगदी रास्त वाटते, आणि आपलेही. तुळशीवृंदावनाभोवती, सडा-रांगोळीच्या जागेत आणि उंबऱ्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर एकही वाळकी काडी राहू देऊ नये. तेथे कडेला विटांची एक सरळ ओळ लावावी. त्या ओळीपलीकडे झाडांना वाळण्याची आणि बी सांडण्याची मुभा द्यावी. कडा नीट असली की आतला मोकळेपणा डोळ्यांना खुपत नाही, हे मी माझ्या घरी पाहिले आहे.

तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला हात लागताच ते फुटून बी दूर उडते, त्यामुळे त्याला आपल्या मदतीची गरजच नसते. कॉसमॉसबाबत मात्र जपावे. नारिंगी-पिवळा कॉसमॉस माळावर आणि डोंगरउतारावर पसरून तेथील गवतफुलांची जागा घेतो. आपले घर राजहंसगडाच्या बाजूला, माळाला लागून असेल, तर त्याची फुले बी धरण्यापूर्वीच खुडावीत.

झेंडू मात्र केवळ नशिबावर सोडू नये. अनेकजण दसऱ्याचे तोरण चुरून मातीत टाकतात. पण ती फुले ताजी तोडलेली असल्यामुळे त्यांतील बरेचसे बी कच्चे असते. त्याऐवजी चार-पाच फुले झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत आणि ते बी कागदात बांधून ठेवावे. दसऱ्याला फुले हवीत तर सुमारे तीन महिने आधी, म्हणजे आषाढी एकादशीच्या आसपास पेरावे. त्या दिवसांत पाऊस जोरात असतो, म्हणून पडवीच्या कडेला पसरट भांड्यात रोपे तयार करून चार-पाच पानांवर आली की बाहेर लावावीत. ती वांग्या-टोमॅटोच्या पुढच्या वर्षीच्या वाफ्यात दाट लावल्यास मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचे प्रमाण बरेच कमी होते. यासाठी संपूर्ण हंगामभर वाफा झेंडूनेच भरलेला असावा लागतो; टोमॅटोच्या मध्ये एखाद-दुसरे झाड लावून तो परिणाम मिळत नाही.