'लव्हाळ्यांचा समुद्र' ग्रीकमध्ये तांबडा कसा झाला?

तुम्ही विचारलंय, इजिप्तमधून निसटताना इस्राएली लोकांनी ओलांडलेल्या समुद्राला हिब्रूत 'याम सूफ' म्हटलंय, तर मराठी बायबलात 'तांबडा समुद्र' कुठून आला? आणि तो आजचाच तांबडा समुद्र का?

नाव आलं सेप्टुअजिंटमधून. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यू पंडितांनी तोरा, म्हणजे बायबलातली पहिली पाच पुस्तकं, ग्रीकमध्ये आणली, तेच हे भाषांतर. 'याम' म्हणजे समुद्र, 'सूफ' म्हणजे पाण्याकाठचं लव्हाळं. त्यांनी लिहिलं 'एरिथ्रा थालासा', तांबडा समुद्र. पुढे जेरोमच्या लॅटिन बायबलात तेच राहिलं आणि तिथून सगळीकडे गेलं.

ही त्यांची चूक होती असं अनेक जण म्हणतात, मला ते पटत नाही. त्यातल्याच 'निर्गम' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तान्ह्या मोशेची पेटी 'सूफ'मध्ये ठेवली जाते. तिथे हेच भाषांतर 'हेलोस', म्हणजे दलदल, असा शब्द योजतं. म्हणजे सूफ पाण्यातलं काहीतरी आहे हे त्यांना नीट ठाऊक होतं. मला सगळ्यात आवडतं ते बायबलातल्याच '१ राजे' या पुस्तकातलं ९:२६ हे वचन. शलमोन राजाची जहाजं एलाथजवळ 'याम सूफ'च्या काठी बांधली जातात, आणि ग्रीकमध्ये तिथे चक्क 'शेवटचा समुद्र' येतो! हिब्रूत स्वरचिन्हं नसत. 'सूफ'ची अक्षरं 'सोफ', म्हणजे शेवट, अशीही वाचता येतात.

मग तांबडा का? माझ्या मते त्यांनी शब्दाऐवजी ग्रीक वाचकाच्या ओळखीचं नाव दिलं. ते नाव तेव्हा फार ऐसपैस होतं, अरबी समुद्रही त्यात यायचा. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ त्याच 'एरिथ्रा' समुद्राची सफर सांगतो आणि त्यात आपलं सोपारा, कल्याण, चौल येतं. कोकणचा किनाराही त्या तांबड्या समुद्राचाच!

आता दुसरा प्रश्न. एलाथ आजच्या अकाबाच्या आखातावर, म्हणजे तिथे 'याम सूफ' खरोखर तांबड्या समुद्राचाच फाटा. पण ओलांडण्याची जागा काही अभ्यासक सुएझच्या पट्ट्यातल्या सरोवरांत आणि दलदलीत शोधतात, कारण लव्हाळं गोड्या पाण्यात वाढतं. एकमत झालेलं नाही. ग्रीक नावावरून मात्र ती जागा ठरवू नका.