लेखकाने कलात्मक हेतू जपावा की वाचकप्रियतेमागे जावे?

पहिला खर्डा लिहिताना कलात्मक हेतूच धरावा आणि वाचकाचा विचार पुनर्लेखनाच्या वेळी करावा, असे माझे मत आहे. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात परस्परविरोधी बाजू घेणारे कादंबरीकार ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर हे दोघेही लोकप्रिय होते (हे सहसा विसरले जाते), म्हणजे निव्वळ भूमिकेवरून वाचकसंख्या ठरत नाही. मुंबईत गिरणी कामगार म्हणून राबलेल्या नारायण सुर्वे यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या संग्रहात कामगारवस्तीची भाषा आणली, ती माझ्या वाचनानुसार अनुनयासाठी नव्हे, तर अनुभवाची गरज म्हणून; आणि तीच कविता साहित्यवर्तुळाबाहेरही पोहोचली. मात्र ज्याचे घरभाडेच लेखनावर अवलंबून आहे, त्याने मालिकालेखनासारखे मागणीनुसार लिहिण्यात कमीपणा मानू नये.