कितव्या पानावर आहेस?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अकरा पुस्तकं घेतलीस, चार सुरू केलीस, एकही तडीस गेलं नाही, आणि तरी विचारतेस, ‘बाई, सध्या चांगले वाचक काय वाचताहेत? मला एक यादी द्या ना.’ अगं, ती अकरा पुस्तकं अशाच याद्यांमधून तुझ्याकडे आली आहेत. आणखी एक यादी देऊन तुझ्यावरचं ओझं मी कशाला वाढवू? त्यापेक्षा माझ्या उशाशी आत्ता काय आहे आणि ते मी कसं वाचतेय, ते सांगते.

वर आहे सामान्था हार्वी यांची ‘ऑर्बिटल’. २०२४चं बुकर मिळाल्यावर पुष्कळांनी घेतली, तशी मीही घेतली. दीडशे पानांच्या आतली छोटी कादंबरी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरची सहा माणसं आणि त्यांचा एक दिवस. स्थानकाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला साधारण दीड तास लागतो, म्हणजे चोवीस तासांत सोळा फेऱ्या. तितक्याच वेळा सूर्य उगवतो आणि मावळतो. गोष्ट म्हणावी तर फारशी नाहीच. माझी एक जुनी मैत्रीण, जिचं वाचन माझ्या दुप्पट आहे, तिने तिसाव्या पानावर पुस्तक मिटलं. म्हणाली, ‘यात काही घडतच नाही.’ तिचं खरं आहे.

मी मात्र ती दुसऱ्यांदा वाचतेय. पहिल्यांदा दोन संध्याकाळींत संपवली होती, पुढे काय होतं या ओढीने, आणि शेवटाला आले तेव्हा हाती काहीच लागलं नव्हतं. या वेळी एका रात्री पुस्तकातल्या एकाच फेरीचा भाग वाचायचा, असं ठरवलं. त्या सहांमध्ये चिए नावाची जपानी अंतराळवीर आहे. ती वर असताना तिची आई गेल्याची बातमी येते. निघून घरी जायची सोय नाही. रोजची कामं चालू, खाली पृथ्वी फिरतेय. पहिल्या वाचनात मी हे वाचून पुढे गेले होते. परवा तिथे पुस्तक मिटलं आणि दिवा बंद करून बराच वेळ जागी होते. तेच पुस्तक, तीच पानं. फरक पडला तो वेगाचा.

म्हणून तुला सांगते, कुणी म्हणालं ‘सध्या अमुक वाचतोय, फार आवडतंय’, तर नाव टिपून घेण्याआधी विचार, ‘कितव्या पानावर आहात?’ पुस्तक संपवलेला माणूस निकाल देतो. बरं आहे, ग्रेट आहे, एकदा वाचायला हरकत नाही. अर्ध्यावर असलेल्याला अजून काहीच ठरवता आलेलं नसतं. तो सांगतो की अमक्या पात्राचा मला राग येतोय, काल रात्री इथे थांबलो आणि आज कामात लक्ष लागेना. त्याच्या या बोलण्यावरून तुला कळेल ते पुस्तक तुझं आहे की नाही. आणि अशा बोलणाऱ्यांमध्ये एखादा असा शोधून ठेव, ज्याच्या नावडीचाही तुला उपयोग होईल. त्या मैत्रिणीने अर्ध्यात टाकलेलं पुस्तक मी हमखास मागून घेते. ‘काही घडत नाही’ असं ती म्हणाली की मला समजतं, यात माझ्यासाठी काहीतरी आहे.

खाली आहेत बानू मुश्ताक यांच्या कथा, ‘हार्ट लॅम्प’. मूळ कन्नड, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर या पुस्तकाला मिळालं. कथासंग्रहाला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. बारा कथा, १९९० ते २०२३ एवढ्या काळात लिहिलेल्या. तू लिहिलंयस की अडलेला प्रत्येक शब्द शोधायला थांबतेस आणि तोवर धागा सुटतो. मग हे पुस्तक तू वाचच. अनुवादिकेने कन्नड, उर्दू, अरबी शब्द जसेच्या तसे राहू दिलेत. ते तिरप्या अक्षरात छापलेले नाहीत, खाली तळटीपा नाहीत. पहिल्या कथेत मी अडखळले. तिसऱ्या कथेपर्यंत ते शब्द ओळखीचे झाले, नव्या घरात राहायला गेल्यावर कोण कुणाला काय हाक मारतं ते न विचारता कळत जातं ना, तसे. एक मात्र कर. एका बैठकीत एकच कथा. शीर्षककथेतली आई मध्यरात्री रॉकेल घेऊन घराबाहेर येते. पुढचं सांगत नाही. ती वाचल्यावर दोन दिवस मी दुसरं काही हातात घेतलं नाही, आणि ते दोन दिवस मी वाचनातच धरते.

२०२५चं साहित्याचं नोबेल हंगेरियन लेखक लास्लो क्रास्नाहोरकाई यांना जाहीर झालं तेव्हा त्यांचंही एक पुस्तक आणलं. त्यांची वाक्यं पानंच्या पानं चालतात. एक कादंबरी तर सबंध एकाच वाक्याची आहे. दोनदा सुरू केलं, दोनदा ठेवलं. ठेवताना आत एक चिठ्ठी घातली : ‘पान ४१. वाक्य लांब म्हणून नाही, मन थाऱ्यावर नाही म्हणून.’ तू त्या चार पुस्तकांत अशा चिठ्ठ्या घाल. पानाचा आकडा आणि सोडण्याचं खरं कारण, एका ओळीत. ‘कंटाळा आला’ असं लिहू नकोस, कशाचा आला ते लिही. दहा चिठ्ठ्या जमल्या की स्वतःची आवड जितकी कळेल, तितकी कुणाच्या यादीतून कळणार नाही.

मागे पडल्यासारखं वाटतं, असंही लिहिलंयस. जरा हिशेब करू. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस मनातल्या मनात मिनिटाला साधारण २४० शब्द वाचतो. तीनशे पानांच्या कादंबरीत नव्वद हजार शब्द धरले तर सहा-सव्वासहा तास झाले. रोज अर्धा तास वाचलंस तर एका पुस्तकाला तेरा दिवस, वर्षाला अठ्ठावीस पुस्तकं. पन्नास वर्षं एकही दिवस न चुकता वाचलंस तरी चौदाशे. जगात एका वर्षात याच्या कितीतरी पट पुस्तकं निघतात. तेव्हा मागे कुणाच्या पडलीस? वर्षाला शंभर वाचणाऱ्यांकडे वेळ जास्त असेल, किंवा ते चालताना कानाने ऐकत असतील. आनंदाने करत असतील तर चांगलंच आहे. तुझा अर्धा तास तुझा आहे.

आता तुझ्या पत्रातली ती कंसातली ओळ. ‘(मधे एक रहस्यकथा एका रात्रीत संपवली, पण ती काही मोजत नाही.)’ का नाही मोजत? सगळ्या पत्रात मला तीच ओळ सगळ्यात आवडली. पुढेच तू लिहिलंयस की खिडकी आधी बंद होती की उघडी, हे बघायला पहाटे तीन वाजता तू पन्नास पानं मागे गेलीस. अगं, यालाच बारकाईने वाचणं म्हणतात! लेखकाने काय सांगितलं, काय दडवलं, कुणाच्या तोंडून सांगितलं, हे तू कुणी न शिकवता तपासत होतीस. पट्टीचे वाचक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं रहस्यकथा, प्रेमकथा, ड्रॅगनांच्या मालिका वाचत आलेत आणि त्याबद्दल संकोच न बाळगता बोलतात. तुला त्या पुस्तकात कशाने धरून ठेवलं ते शोध. कोडं, की संवाद, की सगळे एका घरात अडकल्याची घुसमट? घुसमट असेल तर ‘ऑर्बिटल’कडे तू तिथूनही जाऊ शकशील. सहा माणसं, बाहेर पडायला जागा नाही.

त्या अकरापैकी दहा कपाटात ठेव, रोज डोळ्यांसमोर नकोत. एक बाहेर ठेव, कुठलंही, पहिल्या पानाने ज्याने दुसरं उलटायला लावलं ते. मला पत्र लिहायला ते संपायची वाट पाहू नकोस. मधेच लिही.

तुझी,
बाई

ता. क. त्या रहस्यकथेचं नाव लिहायला विसरलीस. मला ती वाचायची आहे. खिडकीचं काय झालं ते सांगू नकोस.