‘युटोपिया’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे रोग, दारिद्र्य आणि कष्ट संपतील काय, याची चर्चा करणारा एक निबंध त्यांच्याकडे भाषांतरासाठी आला. मथळ्यासाठी त्यांनी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि युटोपियन समाजाचा पाठलाग’ असे लिहिले. संपादकांनी ‘युटोपियन समाज’ खोडून तेथे ‘रामराज्य’ घातले. दोहोंपैकी बरोबर कोणते, की एखादा तिसराच शब्द आहे, असे ते विचारतात.

माझ्या मते या ठिकाणी ‘रामराज्य’ चालणार नाही आणि ‘पाठलाग’ तर मुळीच नको. ‘युटोपिया’चे, म्हणजे कल्पनेतल्या सर्वसुखी समाजाच्या या नावाचे, काय करायचे हे मात्र एका शब्दात सांगता येत नाही, कारण तो शब्द घडवणाऱ्याने त्यात मुद्दाम एक गाठ मारून ठेवली आहे.

सर टॉमस मोर या इंग्रज विद्वानाचे लॅटिन पुस्तक 1516 साली लूव्हेन येथे छापले गेले आणि त्यातल्या बेटाचे नाव म्हणून हा शब्द जन्माला आला. ग्रीक भाषेत ‘टोपोस’ म्हणजे जागा आणि ‘ऊ’ म्हणजे नाही. तेव्हा युटोपिया म्हणजे ‘नसलेली जागा’. परंतु ग्रीकमध्ये ‘एउ’ म्हणजे चांगले असाही उपसर्ग आहे, आणि पुस्तकाच्या आरंभीच्या एका छोट्या पद्यात ते बेट स्वतःच सांगते की मला खरे तर ‘चांगली जागा’ असेच म्हटले पाहिजे. चांगुलपणा आणि नसणे या दोन गोष्टी एकाच उच्चारात बसवण्याचा हा खेळ मोर पुस्तकभर खेळतो. तिथल्या नदीच्या नावाचा अर्थ ‘पाणी नसलेली’ असा होतो, आणि बेटाची हकीकत सांगणाऱ्या प्रवाशाचे आडनाव ‘वायफळ बोलण्यात पटाईत’ अशा अर्थाचे आहे. जो शब्द स्वतःच स्वतःला नाकारतो, त्याला मराठी प्रतिशब्द देताना तो नकार कुठे ठेवायचा, हा आपला खरा प्रश्न आहे.

नकारातून सुखाची जागा घडवणारा एक शब्द आपल्या परिसरातही आहे, तो म्हणजे संत रविदासांचा ‘बेगमपुरा’. बे, गम आणि पूर. जिथे दुःख नाही ते नगर. मोरचा नकार जागेला आहे, रविदासांचा नकार दुःखाला आहे, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो: एका शब्दाने ती जागा नाही असे सांगितले, तर दुसऱ्याने त्या जागी काय नाही ते सांगितले. सर्वसाधारण मराठी लेखनात तो वापरावा असे मी सुचवणार नाही, कारण छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) वाचकाला बेगमपुरा म्हणताच बीबी-का-मकबऱ्याजवळची वस्ती आठवेल, आणि त्या नावात गम नसून बेगम आहे.

अस्सल मराठी वळणाचा शब्द हवा असेल तर ‘मनोराज्य’ आहे. मनात उभारलेले, मनाबाहेर कुठेही नसलेले राज्य. म्हणजे मोरच्या शब्दातला ‘नसणे’ हा भाग यात आपसूक आला. मात्र ‘तो बसलाय मनोराज्य करत’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाच्या रिकामपणावर बोट ठेवलेले असते. इंग्रजीतले ‘युटोपियन’ हे विशेषणही पुष्कळदा असेच हिणवण्यासाठी येते. तशा ठिकाणी ‘स्वप्नाळू’ किंवा ‘मनोराज्यातला’ हे शब्द निःशंक वापरावेत. ते चपखल बसतात.

आता रामराज्याकडे. ते आपल्या परंपरेने होऊन गेलेले मानले आहे, ते एका राजाच्या चारित्र्यावर उभे आहे, आणि ते धर्माशी जोडलेले आहे. मोरच्या बेटावरच्या शहरांचे प्रमुख निवडून दिलेले असतात, तिथे प्रत्येकाने दिवसाला सहा तास काम करायचे असते, आणि हे विसरून चालत नाही की तिथे गुलामही आहेत. यांपैकी काहीच ‘रामराज्य’ या शब्दाने वाचकाच्या मनात उभे राहत नाही, आणि जे उभे राहते ते मूळ निबंधात नसते. खुद्द गांधीजींना हा शब्द वापरताना 1929 साली खुलासा करावा लागला होता की रामराज्य म्हणजे हिंदू राज्य असे मला म्हणायचे नाही. मूळ लेखकाच्या मनात नसलेला वाद भाषांतरकाराने मथळ्यातच ओढवून घेऊ नये.

राज्यच म्हणायचे तर मराठी घरांत आणखी एक राज्य आहे, आणि ते मला अधिक जवळचे वाटते. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे ओवाळताना म्हटले जाणारे वाक्य जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त, 1873 साली, बळीराजाच्या न्यायी राज्याची लोकांनी जपलेली आठवण म्हणून वाचले. यातले ‘येवो’ हे क्रियापद नीट पाहावे. ते राज्य होऊन गेले आहे, आज नाही, पण यावे अशी इच्छा आहे. तिन्ही काळ एका ओळीत आले. तरीही हा शब्द शेतीशी, अन्यायाच्या इतिहासाशी आणि बळीच्या कथेशी इतका घट्ट बांधलेला आहे की संगणकाच्या चर्चेत तो उचलून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

या ‘येवो’मुळेच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. मोरचा युटोपिया दूर समुद्रात कुठेतरी आहे, भविष्यात नाही. सुखी समाज पुढच्या काळात नेऊन ठेवण्याची रीत नंतर रुळली. मेर्सिए या फ्रेंच लेखकाने 1771 साली आपले पॅरिस सन 2440 मध्ये कल्पिले, ते तिचे ठळक उदाहरण. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात आज युटोपिया म्हणतात तो या दुसऱ्या जातीचा आहे: तो अमुक ठिकाणी आहे असे कोणी म्हणत नाही, अमुक वर्षांत येईल असे म्हणतात. म्हणून ‘कल्पनानगरी’, ‘स्वप्नलोक’ असे स्थळवाचक शब्द इथे थोडे बाजूला पडतात, आणि काळवाचक शब्द शोधावा लागतो.

असा शब्द म्हणजे ‘सत्ययुग’, अर्थात कृतयुग. महाभारताच्या वनपर्वात हनुमान भीमाला युगांची लक्षणे सांगतो, तेव्हा कृतयुगात माणसाला श्रमाची क्रिया नव्हती आणि ‘अभिध्याय फलं तत्र’, म्हणजे नुसते चिंतन केले की फळ मिळत असे, असे वर्णन येते. खरेदी-विक्रीही तिथे नव्हती. मनात आणा आणि मिळवा, हे आजच्या यंत्रांबद्दलच्या आश्वासनाच्या किती जवळ आहे! परंतु त्याच श्लोकाच्या शेवटी त्या युगाचा धर्म संन्यास होता असेही म्हटले आहे. मागितले की मिळते तिथे मागणारेच निरिच्छ होते. ‘कृत’ आणि ‘कृत्रिम’ हे दोन्ही शब्द ‘कृ’ धातूचेच, ही जुळणीही मनाला भावते. अडचण इतकीच की सत्ययुग कालचक्र फिरले की आपोआप येते. ते कोणी घडवत नाही. म्हणून यंत्रेच सगळे सुख आणून देतील असा कोणाचा दावा सांगायचा असेल, तर ‘यंत्रे सत्ययुग आणतील असे ते म्हणतात’ हे वाक्य उत्तम मराठी आहे. माणसांनी झटून घडवायच्या समाजाला मात्र हा शब्द तोकडा पडतो.

दावा आणि घडणे यांतले अंतर ॲरिस्टॉटलच्या एका वाक्यावरून स्पष्ट होईल. धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे साधन, जर आपला आपण विणू लागला, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही, असे त्याने ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला, आणि तेव्हापासून तिथे धोटा खरोखर माणसाच्या हाताशिवाय धावतो. त्याच्या शेजारी उभा असलेला कामगार तुटलेला धागा सांधतो, रिकामी झालेली कांडी बदलतो आणि एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवतो. धोटा सुटला, पण माणूस मागापाशीच राहिला. यंत्रावर विसंबलेल्या सुखी समाजाची चर्चा करणाऱ्या लेखकाला नेमकी ही शंका व्यक्त करायची असेल, तर ‘युटोपिया’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा आणि पहिल्याच उल्लेखाला ‘नसलेली चांगली जागा’ असा खुलासा जोडावा. मोरची गाठ तशीच राहते आणि वाचकाचीही अडचण होत नाही.

उरला ‘आदर्श समाज’. संस्कृतात ‘आदर्श’ म्हणजे आरसा. आपला ‘आरसा’ हा शब्दही प्राकृतातून त्याच्यापासूनच आला. ज्यात पाहून स्वतःला नीट करायचे ते आदर्श. डॉ. आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरच्या 1936 सालच्या, लिहून छापलेल्या पण प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात, तुमचा आदर्श समाज कोणता असे विचाराल तर तो स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभा असेल, असे म्हटले. ते मनोराज्य नव्हते आणि सत्ययुगही नव्हते. माणसांनी घडवायची गोष्ट म्हणून त्यांनी ती मांडली. मूळ निबंधाच्या लेखकाला असे प्रयत्नसाध्य ध्येय अभिप्रेत असेल, तर ‘आदर्श समाज’ हाच शब्द योग्य, मग तो कितीही साधा वाटो.

‘पाठलाग’ पळणाऱ्याचा होतो, चोराचा होतो. ‘पाठपुरावा’ कचेरीत अडकलेल्या अर्जाचा होतो. ध्येयाचा ‘ध्यास’ असतो. प्रश्नकर्त्यांनी सांगितलेल्या आशयावरून निबंध शंका घेणारा आहे असे दिसते, तेव्हा मी मथळा ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि युटोपियाचा ध्यास’ असा करीन, आणि निबंधात जिथे लेखक स्वतः काय व्हावे ते सांगतो तेवढ्या परिच्छेदांत ‘आदर्श समाज’ लिहीन.