देश बदलला की हाय-फाय शौकिनाचा कान बदलतो का?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश, अमेरिकन आणि जपानी शौकिनांची स्पीकर आणि अँपची (अँप म्हणजे अँप्लिफायर, आवाज मोठा करणारं यंत्र) आवड एवढी वेगवेगळी कशामुळे, आणि 'भारतीय कान' असं काही असतं का. मी बेळगावचा, शहापूर भागातला. तीस वर्षांहून जास्त काळ रेकॉर्डी जमवतोय, जुने अँप उघडून दुरुस्त करत बसतोय. माझ्या अनुभवात कान देशाचा नसतो. ज्या खोलीत आपण लहानाचे मोठे झालो आणि त्या खोलीत पहिली दहा-बारा वर्षं रोज जे ऐकलं, त्याचा तो असतो. देशाचा वाटा आहेच, पण तो घरं केवढी होती आणि बाजारात काय मिळत होतं, एवढ्यापुरता.

आधी माझ्या घराचं सांगतो. घर कौलारू, भिंती मातीच्या, खाली शेणानं सारवलेली जमीन, वर लाकडी माळा. माळ्याखालच्या फळीवर बाबांचा मर्फी कंपनीचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला रेडिओ. चालू केला की डायलवरचा दिवा आधी लागायचा आणि आवाज मागाहून, हळूहळू वर यायचा. सकाळी धारवाड केंद्र. ते १९५० साली सुरू झालं, आणि मल्लिकार्जुन मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते. निवेदन कानडीत व्हायचं आणि मग गाणं सुरू. १९६३ पासून सांगली केंद्रही लागायला लागलं, त्यामुळे बाबांची काट्याशी ये-जा चालायची, कधी धारवाड, कधी सांगली. मीडियम वेव्हवर त्या सेटमधून साधारण पाच हजार हर्ट्झच्या (सेकंदाला पाच हजार कंपनांच्या) वरचं फारसं काही येत नसे. झांजेची चकाकी नाही, खाली मोठा बेसही नाही. जे काही होतं ते मधल्या पट्टीत, म्हणजे माणसाच्या गळ्यात. गंगूबाई हनगलांचा जाड, भरदार स्वर त्या लाकडी पेटीतून यायचा तेव्हा बाई समोर बसून गातायत असंच वाटायचं. आज लाखाचा स्पीकर असला आणि त्याचा मिड पातळ असला तर मला तो दहा मिनिटंही ऐकवत नाही. त्याचं मूळ त्या फळीवर आहे.

दुसरी गोष्ट मिरजेत घडली. माझी आतेबहीण गाणं शिकत होती, तिला तंबोरा घ्यायला आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. कारागिरानं तारा मिळवल्या आणि मग घोडीवर, प्रत्येक तारेखाली, सुती दोऱ्याचा तुकडा घातला. तो बोटाच्या टोकानं पुढे-मागे सरकवत होता, केसभर इकडे, केसभर तिकडे. एका जागी दोरा आला आणि तीच तार एकदम उघडली. मघापर्यंत नुसता टणत्कार होता, आता नादाला पापुद्रे सुटले. याला जवारी म्हणतात. घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तार थरथरताना तिच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा निसटती टेकते, आणि ती नेमकी कुठे टेकणार हे दोऱ्यानं ठरतं. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर (मूळ स्वरासोबत वर उमटणारे बारीक स्वर) नादात असू नयेत असा युरोपातला नियम होता. तंबोऱ्यात ते चांगले जोरात ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच मांडलं.

कारागिरानं मग आतेबहिणीला खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार एकटी छेडायला सांगितली आणि गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो का म्हणून विचारलं. तिला आला. मला यायला पाचेक मिनिटं लागली. तारेवर गंधार कुणी लावलेला नसतो, पण तो आतून उमटतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्या दिवसापासून स्पीकर तपासायची माझी कसोटी हीच आहे: त्यातून हा गंधार ऐकू येतो का.

आता बाहेरच्यांकडे या कसोटीनं पाहा. बीबीसीच्या इंजिनियरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एलएस ३/५ए हा स्पीकर तयार केला. उंची जेमतेम एक फूट, कारण तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसवायचा होता. बीबीसीवर बोलणं जास्त, त्यामुळे माणसाचा आवाज खरा वाटतो की नाही याला सगळ्यात जास्त किंमत. तो छोट्या इंग्रजी दिवाणखान्यांतही चपखल बसला, आणि बीबीसीतून बाहेर पडलेल्या लोकांनी स्पेंडर, हार्बेथ यांसारख्या कंपन्या काढून तीच वाट पुढे नेली. लोक ज्याला 'ब्रिटिश साऊंड' म्हणतात तो बराचसा एका गाडीतून आणि बातम्या वाचणाऱ्याच्या गळ्यातून आलेला आहे.

तो स्पीकर माझ्या कानाला का भावतो, तेही यातच आलं. काळी एक या पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. एवढ्या छोट्या पेटीला तो नीट पेलत नाही. पण स्वयंभू गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे ३४६-३४७ हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे हा स्पीकर फार सच्चा आहे. लंडनच्या वृत्तनिवेदकासाठी केलेली वस्तू मिरजेच्या तंबोऱ्याला लागू पडते ती अशी.

अमेरिकन आवड म्हणजे मोठा दणका, असं सरसकट म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. जेबीएल आणि अल्टेक या स्पीकर कंपन्यांची मुळं सिनेमा थिएटरात आहेत. पडद्यामागे ठेवायचा अल्टेकचा 'व्हॉइस ऑफ द थिएटर' १९४५ चा, आणि पॉल क्लिप्श यांचा घराच्या कोपऱ्यात बसवायचा हॉर्न (कर्ण्यासारखा) स्पीकर १९४६ चा. ऐसपैस घरं, उंच छतं, तिथे तो आवाज शोभतो. पण त्याच अमेरिकेत, बोस्टनच्या बाजूला, एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद पेटीचा छोटा स्पीकर आणला. शेल्फवर मावणारा, शांत, सरळ. ईस्ट कोस्ट साऊंड आणि वेस्ट कोस्ट साऊंड असे दोन तट अमेरिकन लोकच मानतात. मग 'अमेरिकन कान' यातला कुठला म्हणायचा?

जपानचं तर मला फार आवडतं. युद्धानंतर तिथे आयात केलेली जॅझची रेकॉर्ड सामान्य माणसाला परवडत नसे, घरं लहान आणि भिंती पातळ. म्हणून जॅझ किस्सा नावाची कॉफीची दुकानं भरभराटीला आली. एक कप कॉफी घ्यायची आणि मालकाच्या रेकॉर्डी मोठ्या अमेरिकन स्पीकरवर तासन्‌तास ऐकायच्या. काही ठिकाणी बोलायलाही मनाई. अमेरिकेनं थिएटरच्या अँपसाठी काढलेली ३००बी ही व्हॉल्व्ह तिथल्यांनी जुनी म्हणून मागे टाकली, जपानी शौकिनांनी ती जपली आणि तिच्यावर सात-आठ वॅटचे अँप उभे केले. पुढे जाँ हिरागा यांनी हा विचार जपानमधून फ्रान्समध्ये नेला आणि तिथेही तसे अँप बांधणारे तयार झाले. म्हणजे अमेरिकन व्हॉल्व्ह, जपानी चिकाटी आणि फ्रेंच शिष्य. यात राष्ट्राची सरहद्द कुठे शोधायची?

आणि सरहद्दीबद्दल आम्हाला जरा जास्तच कळतं. १९५६ पासून आमच्याकडे हाच विषय आहे. मराठीसाठी माझं मन तुटतं, ते मी लपवत नाही. पण कानाच्या बाबतीत जे पाहिलं ते तसंच सांगायला हवं. गोकाकचा माझा एक कानडी मित्र आहे, तोही धारवाड केंद्रावर वाढलेला. पाचेक वर्षांपूर्वी माझ्या खोलीत तीन जोड स्पीकर पडद्याआड लावले, आवाजाची पातळी सारखी केली आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, त्यामुळे ते आम्हा दोघांनाही घरचेच. आम्ही वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलं. दोघांचा पहिला नंबर एकच निघाला. माझा सख्खा भाचा, पुण्यात हेडफोनवर वाढलेला, त्याचा पहिला नंबर म्हणजे आमचा तिसरा. भाषा एक, घर एक, तरी कान वेगळा.

खानापूरकडच्या वाड्यांतली पोरं तर आणखी वेगळं ऐकतात. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला आमच्याकडे 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बींच्या कंपनीचं पहिलं काम टेपची खरखर कमी करण्याचं होतं, पण इथे तो शब्द छातीत बसणाऱ्या बेसचा झाला. ज्या पोरानं सहाव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून तो बेस अंगावर घेतला, त्याला पुढे गाडीत सबवूफरच हवा असणार. मी त्याला नावं ठेवत नाही. त्या भिंतीसमोर दोन-दोन तास नाचून त्यांचे कान कायमचे अधू होतायत, याचं मात्र मला फार वाईट वाटतं आणि मी ते त्यांना तोंडावर सांगतो.

बाजाराचं थोडक्यात सांगतो. १९९१ च्या आधी परदेशी वस्तूंवर जबर आयात शुल्क होतं. इथे घरात चांगला जपानी टेप असला तर तो आखातात कामाला गेलेल्या कुणीतरी किंवा गोव्याच्या एखाद्या जहाजी माणसानं आणलेला. त्यामुळे आमच्या पिढीनं निवड अशी केलीच नाही, जे हाती आलं त्यावर जीव लावला.

तुम्हाला तुमचा कान शोधायचा असेल तर दुकानात शोधू नका, स्पीकर दोन दिवस घरी आणून ऐका. आम्ही कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं, खाली गुळगुळीत फरशी आली, आणि माझे तेच स्पीकर एका रात्रीत कर्कश झाले. तंबोरा लावला तर गंधार कुठे बुजून गेला होता. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, फरशीवर जाजम टाकलं आणि मागच्या भिंतीवर आजोबांची जुनी घोंगडी टांगली. तिसऱ्या दिवशी रात्री, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, तो पुन्हा ऐकू आला.