वाचनगटात 'बनगरवाडी'वर चर्चा सुरू करायची आहे, तयारी कशी करू?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या धरमपेठेतल्या वाचनगटात 'बनगरवाडी'ची चर्चा तुमच्याकडे आली आहे, तर आधी समीक्षा वाचून काढावी का. माझ्या मते आत्ता नको. समीक्षा वाचून गेलं की आपण दुसऱ्याचं मत मांडायला लागतो, आणि समोरचे हातचं राखून बोलतात. त्यापेक्षा कादंबरीच दोनदा वाचा. १९५५ साली आलेली व्यंकटेश माडगूळकरांची, एका धनगरवाडीत आलेल्या शाळामास्तराची ही कादंबरी लहान आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. पहिल्या वेळी नुसती वाचा, टिपणं काढत बसू नका. मग आठवडाभर पुस्तक बाजूला ठेवा. त्या दिवसांत जे प्रसंग आपोआप मनात येत राहतील, तेच चर्चेला न्यायचे.

दुसऱ्या वाचनात ते प्रसंग शोधा आणि ते सांगितलेत कसे, ते बघा. वाडीतल्या शेकूकडे एकच बैल आहे आणि त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः जुवाला खांदा लावते, हा प्रसंग कुणीच विसरत नाही. पण गटात एकजण म्हणतो 'काय भयंकर हो', बाकीचे माना डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून तेवढा भाग मोठ्याने वाचून दाखवा, सावकाश. मग विचारा, यात लेखक स्वतः हळहळतो का? हळहळत असेल तर कुठल्या ओळीत? लोक पुस्तकात डोकं घालून ओळ शोधायला लागले की खरी चर्चा सुरू झाली म्हणून समजा.

प्रश्न नेताना एकच कसोटी लावा: उत्तर तुम्हाला स्वतःला ठाऊक नसावं. 'मास्तर कसा वाटला?' याला काही अर्थ नाही. माझा आवडता प्रश्न तालमीचा, म्हणजे गावातल्या व्यायामशाळेचा आहे. मास्तर मनावर घेतो, गाव राबतं, तालीम उभी राहते, उद्घाटनाला राजेसाहेब येतात. ही तालीम गावाला हवी होती की मास्तरला? याची दोन्ही बाजूंनी उत्तरं येतात आणि दोन्हींना पुस्तकात आधार सापडतो. शिक्षक असलेली मंडळी तर इथे फार पोटतिडकीने बोलतात.

पार्श्वभूमी पाच मिनिटांत उरका, पण टाळू नका. कथा औंध संस्थानातली, माणदेशाच्या कोरड्या मुलखातली आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने कारभार लोकांच्या हाती देणारी घटना आणली, १९४८ साली संस्थान विलीन झालं. एवढं कळलं की राजा एका धनगरवाडीत तालमीसाठी का येतो, ते पटतं. माडगूळकर त्याच संस्थानात जन्मले हेही सांगा, पण चरित्रात शिरू नका. एकदा आठवणी आणि किस्से सुरू झाले की पुस्तक मिटलंच.

कादंबरीच्या शेवटी येणाऱ्या दुष्काळावर आलात की आपल्याकडे गाडी हमखास विदर्भाच्या शेतकऱ्यावर जाईल. जाऊ द्या. यवतमाळ-वर्ध्याकडची माणसं गटात असतील तर त्यांच्या घरचं दुःख आहे ते, मध्येच तोडणं बरं नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारा: आपल्याकडे कापूस आणि कर्ज आहे, तिथे मेंढरं आणि न आलेला पाऊस, मग गाव रिकामं होताना लेखक कुणाला दोष देतो का? चर्चा आपसूक पुस्तकाकडे वळते.

पुस्तक नसेल तर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात विचारा, आणि लवकर विचारा. सगळ्यांच्या आवृत्त्या वेगळ्या निघतात, पानांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रसंगाचे पहिले चार-पाच शब्द कागदावर लिहून न्या. उन्हाळ्यात बैठक सहानंतरच ठेवा. चारच्या उन्हात धापा टाकत आलेल्या माणसाकडून नीट बोलणं होत नाही. खाणं शेवटी. आणि ज्यांचं वाचून झालेलं नाही त्यांनाही बोलवा, त्यांना जुवाचा तो प्रसंग वाचायला द्या. पहिल्यांदाच वाचणाऱ्याचा आवाज कुठे अडखळतो, हे बाकीच्यांना ऐकू येतं आणि त्यावरही बोलता येतं.