नववीतलं पोरगं, १५०० मीटर आणि वर्षभराचा सराव

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शालेय स्पर्धेत जिल्ह्यात १५०० मीटरला दुसरा आला, वेळ ४ मिनिटे ४० सेकंद. स्पर्धा संपल्या की शाळेतला सराव बंद होतो, तो थेट पुढच्या पावसाळ्यात सुरू. माझे दीर म्हणतात, रोज रंकाळ्यावर घड्याळ लावून पळव. पण त्याच्या गुडघ्याखाली अधूनमधून दुखतं. वर्षभर काय करावं?
– एक आई, उचगाव

उत्तर : ताई, आधी दिरांकडून ते घड्याळ काढून घ्या. आपलं कोल्हापूर तालमींचं, त्यामुळे पोरगं घामानं निथळलं नाही तर सराव झालाच नाही असं वाटतं. रोज जीव तोडून पळणारी पोरं दोन महिने झपाट्यानं सुधारतात आणि मग तिथंच अडकतात, हे मी दर हंगामात बघतो.

१५०० मीटरला लागणारा दम मुख्यतः सावकाश पळूनच मुरतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटरच्या पीटर स्नेललाही आठवड्याला शंभर मैल पळवायचे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्नेलनं ८०० आणि १५०० दोन्हींचं सुवर्ण नेलं. तो शंभराचा आकडा पोराला लावू नका, स्नेल तेव्हा पंचविशीचा होता. क्रम तेवढा उचला: आधी पाया (म्हणजे सावकाश पळून दम वाढवणं), मग चढ, मग ट्रॅक, शेवटी स्पर्धा.

स्पर्धेचा महिना धरा आणि उलटं मोजा. शेवटचे आठ आठवडे ट्रॅकचे, त्याआधीचे पाच-सहा चढाचे, बाकी सगळा पाया. हंगाम संपला की दोन-तीन आठवडे पळणं बंद. तेव्हा फुटबॉल खेळू दे. कोल्हापुरात हे सांगावंही लागत नाही.

पायाच्या दिवसांत आठवड्यातून पाच वेळा ४ ते ६ किलोमीटर, त्यात रविवारी ८. किलोमीटरला साडेपाच-सहा मिनिटं लागली तरी चालतील. पळता पळता मित्राशी कालच्या मॅचवर वाद घालता आला पाहिजे. धाप लागून गप्प झाला तर वेग जास्त आहे. शेवटी ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा. जुलैत मैदानाचा चिखल होतो तेव्हा डांबरीवर पळा, आणि बूट रात्री रद्दी कोंबून वाळवा.

चढासाठी विद्यापीठाच्या परिसरातला एखादा सौम्य चढ बघा. शंभरेक मीटर वर पळत, खाली चालत, सहा ते आठ वेळा. जोतिबाचा घाट नको. गाड्या असतात, आणि उतारावर गुडघ्यांचं वाटोळं होतं.

ट्रॅकवर सगळे चुकतात ते इथं. ४ मिनिटे ४० म्हणजे चारशेची फेरी पंचाहत्तर सेकंदांच्या आत-बाहेर. सहा फेऱ्या करायच्या, मध्ये दोन मिनिटं संथ जॉगिंग. पोरं पहिली फेरी सहासष्टमध्ये मारतात, टाळ्या घेतात आणि सहावीला ब्याऐंशीवर येतात. ते सगळं वाया. सहाही फेऱ्या पंचाहत्तरला आल्या, तरच पुढच्या पंधरवड्यात एक सेकंद कमी करा. हा सराव आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. घड्याळ आता दिरांना परत द्यायला हरकत नाही.

पहाटे गंगावेशीतलं धारोष्ण दूध पाजून पळायला पाठवायची हौस असेल तर आवरा. पोट डचमळतं. दूध पळून आल्यावर, तापवून.

आता गुडघा. उंची झपाट्यानं वाढते त्या वयात वाटीच्या खाली, हाडावर टेंगूळ येऊन दुखतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ थांबली की बहुतेकांचं जातं, पण तोवर चढ आणि उड्या कमी करा. लंगडत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल, तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तेल लावून चोळत बसू नका. एखादा हंगाम हुकला तर हुकू दे. बीडचा अविनाश साबळे या खेळात आलाच मुळी सैन्यात भरती झाल्यावर, आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं रौप्य घेऊन आला.